निर्धूर चूल

माघ महिन्यातल्या पहाटे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील एखादे गाव दुरून पाहावे. वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असते आणि घरांच्या छपरांवर एक निळसर पट्टा तरंगत असतो. पाहणाऱ्यास ते धुकेच वाटते. परंतु गावाजवळ येताच डोळे चुरचुरू लागतात, नाकाला ओळखीचा वास येतो आणि ते धुके नव्हे हे कळते. गावातल्या चुली पेटल्या आहेत. कवेलूंच्या फटींतून, दारांतून, टिनाच्या छपरांखालच्या मोकळ्या जागेतून धूर बाहेर पडत आहे.

बाहेर जर इतका धूर दिसतो, तर आत किती असेल? स्वयंपाकघराला बहुधा एकच दार व एखादा झरोका असतो. घरची बाई चुलीपुढे वाकून बसलेली असते. लाकूड ओलसर असल्यामुळे जाळ धरत नाही. म्हणून ती फुंकणीने फुंकर घालते, पदराने डोळे पुसते आणि पुन्हा फुंकर घालते. तिच्या पाठीशी किंवा मांडीवर तान्हे मूल असते. भिंती, आढे, शिंके, सारे काळे झालेले असते. ज्या हवेत ही माउली सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बसते, तीच हवा ते मूलही आत घेत असते.

वऱ्हाडात जळणाचा प्रश्न तसा जुनाच आहे. अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा मधला सखल भाग पूर्वीपासून पयानघाट या नावाने ओळखला जातो. तेथील काळी जमीन कसदार. कापूस, तूर व ज्वारी यांसाठी नावाजलेली. परंतु झाडे मात्र थोडी. बांधावरची बाभूळ, विहिरीजवळचा कडुनिंब, एवढाच त्यांचा पसारा. खारपाणपट्ट्यात तर भूगर्भातील पाणीच खारे. अशा मुलखात लाकूड कोठून मिळणार? म्हणून कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतकरी कपाशीची वाळलेली झाडे उपटतात व त्यांचे ढीग परसात रचतात. हीच पऱ्हाटी. तिच्या जोडीला तुराट्या व शेणाच्या गोवऱ्या. पऱ्हाटी पेटते झटकन आणि संपतेही झटकन. तिच्यापुढून क्षणभर उठता येत नाही. गोवरी सावकाश जळते, पण तिचा धूर फार. शिवाय शेतात खत म्हणून जावयाचे शेण चुलीत जाते, हा तोटा वेगळाच. पऱ्हाटीचे ढीग वर्षभर साठवून ठेवण्यातही धोका असतो. तिला चिकटून राहिलेल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते व पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर उतरते.

उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाट आहे. तेथे झाडांची वाण नाही. पण जंगलातून मोळी आणणे सोपे नव्हे. कोरकू स्त्रिया वाळकी लाकडे गोळा करून, मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरतात. मेळघाट हे देशातील अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तेथे वाघ, बिबट्या व अस्वले यांचा वावर आहे. जळण कमी लागले तर जंगलही वाचते आणि मोळीच्या खेपाही वाचतात.

आता धूर म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. वडील माणसांस जवळ बसवून एक साधा प्रयोग करून पाहता येतो. मेणबत्ती पेटवावी, थोडा वेळ जळू द्यावी आणि फुंकून विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाते. लगेच पेटती काडी त्या धुराच्या रेघेला, वातीपासून थोडी वर, धरावी. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! म्हणजे तो धूर पेट घेऊ शकतो. ती मेणाची न जळलेली वाफ होय.

लाकडाचेही असेच आहे. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी निघून जाते. चांगल्या वाळलेल्या लाकडातही शेकडा दहा ते वीस भाग पाणी असते; ओल्या लाकडात ते निम्म्यापर्यंत जाते. पुष्कळशी उष्णता हे पाणी आटवण्यातच खर्च होते. त्यानंतर लाकडातून वायू बाहेर पडू लागतात. भरपूर हवा व भरपूर उष्णता मिळाली तर हे वायू पेटतात. आपल्याला दिसणारी ज्योत ती हीच. शेवटी कोळसा उरतो व तो निखाऱ्याच्या रूपाने जवळजवळ धुरावाचून जळतो. मधल्या वेळी हवा कमी पडली किंवा ज्योत एखाद्या गार वस्तूला लागून थंडावली, की वायू अर्धवट जळतात. त्यांतूनच धूर, काजळी व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. या वायूला ना रंग असतो ना वास. म्हणून तो अधिक घातक. थोडक्यात, जो धूर बाईच्या डोळ्यांत पाणी आणतो, तो तिनेच डोक्यावरून वाहून आणलेल्या जळणाचा वाया गेलेला भाग असतो.

साध्या चुलीत शंभर भाग उष्णतेपैकी सुमारे दहाच भाग भांड्यातील अन्नास पोचतात. बाकीची उष्णता चुलीच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडते, भांड्याच्या कडेने वर निघून जाते, किंवा चुलीची माती तापवण्यात खर्च होते. उन्हाळ्यात अकोल्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. त्या दिवसांत ही वाया जाणारी उष्णता कोणाच्या अंगावर येत असेल, हे सांगावयास नको. आता समजा, एका घरात रोज पाच किलो लाकूड लागते. चुलीची रचना सुधारून दहाऐवजी वीस भाग उष्णता भांड्यास पोचली, तर तेच काम अडीच किलोंत होईल. महिन्याकाठी पंचाहत्तर किलो लाकूड वाचेल. पंचवीस किलोंची एक मोळी धरली, तर महिन्याला तीन मोळ्या कमी आणाव्या लागतील.

धुराने खोकला येतो व डोळे लाल होतात हे सर्वांनाच ठाऊक होते; परंतु त्याने याहून मोठी हानी होते हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला वेळ लागला. 1950 नंतरच्या दशकात दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांना असे आढळले, की फुप्फुसांच्या विकारातून उद्भवणारा हृदयरोग स्त्रियांतही पुष्कळ आहे आणि तो त्यांना कमी वयात होतो. या स्त्रिया विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. मग हा धूर आला कोठून? चुलीतून, हे उत्तर तेव्हा पुढे आले. पुढे 1981 साली कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लहान यंत्रे लावून त्या घेत असलेली हवा मोजली. कारखान्यांच्या शहरांतही सापडणार नाही इतका धूर त्या हवेत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे 2020 साली जगभर सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती.

चूल सुधारण्याचा विचार मात्र पुष्कळ आधीचा आहे. अमेरिकेत 1753 साली जन्मलेला बेंजामिन टॉम्सन हा पुढे युरोपात काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्धीस आला. बव्हेरियाच्या अधिपतीच्या सेवेत असताना त्याने म्युनिक शहरातील गोरगरिबांसाठी मोठी स्वयंपाकघरे चालवली. उघड्या आगीवर अन्नाइतकाच आचारीही भाजून निघतो, हे त्याने पाहिले. म्हणून त्याने आग विटांच्या भिंतींत कोंडली, प्रत्येक भांड्याला बसेल असे तोंड केले आणि हवेचा मार्ग कमीजास्त करता येईल अशी सोय केली. ही गोष्ट 1790 नंतरची.

वऱ्हाडाला या विचाराचा शेजार लाभला तो वर्धा नदीच्या पलीकडून. अमरावती जिल्ह्याची हद्द ही नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. महात्मा गांधींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली आणि गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. संघाची सूत्रे जे. सी. कुमारप्पा या अर्थशास्त्रज्ञाकडे होती. खेड्यातल्या माणसाचे रोजचे साधे काम कसे सोपे होईल, हाच तेथे शोधाचा विषय असे. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ यांच्याबरोबर दिवा आणि चूल यांचाही विचार तेथे झाला. वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तेथलाच आणि मगन चूलही तेथलीच. 1947 च्या सुमारास या चुलीची माहिती संघाने प्रसिद्ध केली. मातीचीच चूल, पण एकाच आगीवर एकाहून अधिक भांडी ठेवता येणारी आणि धूर नळीवाटे छपराबाहेर सोडणारी. 1953 साली हैदराबादचे इंजिनिअर एस. पी. राजू यांनीही अशाच निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. पुढे समूह विकास योजनेतील ग्रामसेविका खेडोपाडी अशा चुली बांधून दाखवू लागल्या.

ही चूल काम कशी करते? बाहेरून पाहिले तर तो एक मातीचा ओटाच दिसतो. पुढे लाकूड घालण्यासाठी बेताचे तोंड. वर दोन भोके, एकामागे एक. आणि मागे भिंतीलगत उभी नळी, म्हणजेच धुराडे. सारी करामत आत आहे. लाकूड ज्यावर जळते ती लोखंडी जाळी तळापासून थोडी उंच बसवलेली असते. तिच्या खालून हवा येते व राख खाली पडते. जाळी आणि भांडे यांतील अंतर बेताचे हवे. भांडे फार जवळ असेल तर ज्योत त्याच्या गार बुडाला लागून अर्धवट विझते व काजळी धरते. फार दूर असेल तर तिचा जोर वाटेतच सरतो. पहिले भांडे तापवून उरलेली ऊन हवा एका बोळातून दुसऱ्या भांड्याखाली जाते. पहिल्या भोकावर भात शिजत असेल, तर दुसऱ्यावर वरण मंद कढत राहते. त्यानंतर ती हवा धुराड्यात शिरते.

धुराडे हे या चुलीचे नाक. ऊन हवा हलकी असते म्हणून ती नळीतून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. चूल चांगली ओढत असेल तर फुंकणीची गरजच उरत नाही. मात्र ओढ फार झाली तर उष्णताही नळीवाटे पळून जाते. त्यासाठी नळीच्या तळाशी पत्र्याचा सरकता पडदा असतो. जाळ धरला की तो थोडा पुढे सरकवावा. नळीचे तोंड छपराच्या आढ्याहून उंच असावे लागते, नाही तर वारा सुटला की धूर उलटा घरात शिरतो. तोंडावर पावसासाठी टोपी लागते. गवती छपर असेल तर नळीभोवती मातीचा जाड थर द्यावा लागतो. तापलेली नळी आणि वाळके गवत यांची गाठ पडू देणे धोक्याचे.

मातीची निवडही महत्त्वाची आहे. वऱ्हाडची काळी माती कापसाला कितीही मानवली तरी चुलीला मानवत नाही. वाळताना ती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. भेगांतून धूर बाहेर येतो. म्हणून पांढरी माती घेऊन तीत शेण व बारीक कुटार कालवतात, ती मुरू देतात आणि मग थर देतात. गावातल्या जुन्या घरांच्या भिंती ज्या मातीच्या, तीच चुलीलाही चालते.

इतकी सोयीची चूल घरोघर का गेली नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 साली संपला, तोवर देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. जागच्या जागी बांधलेल्या चुलीत निदान शेकडा वीस भाग उष्णता भांड्यास पोचावी, अशी अट होती. आकडे मोठे होते, परंतु अनेक चुली वर्ष-दोन वर्षांत मोडल्या किंवा अडगळीत पडल्या. पुढे ओडिशातील सुमारे अडीच हजार कुटुंबांची चार वर्षे पाहणी झाली. पहिल्या वर्षी घरातील धूर कमी झाला. नंतर तो पूर्ववत झाला. नळ्या साफ झाल्या नव्हत्या, भेगा बुजवल्या नव्हत्या, आणि कित्येकींनी जुन्या चुलीही चालूच ठेवल्या होत्या.

यात बायकांचा हट्ट पाहणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर बहुतेक खऱ्या निघतात. चुलीचे तोंड लहान, पऱ्हाटी लांब. ती मोडून मोडून घालण्यात हात दुखतात, म्हणून कोणी तोंड फोडून मोठे करते. तोंड मोठे झाले की चुलीचे सारे गणितच बिघडते. नुसता चहा करायचा असेल तर दुसऱ्या भोकावर झाकण ठेवावे लागते. विसरले तर तेथून धूर येतो. भाकरीचे दुखणे आणखी निराळे. ज्वारीची भाकरी तव्यावर शेकल्यावर निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवतात. बंद चुलीत ती फुगवावी कोठे? आजीबाई आणखी एक गोष्ट सांगतात: धुरामुळे आढ्याच्या लाकडाला कीड लागत नाही आणि चुलीवर टांगलेले बियाण्याचे कणीस टिकते. हेही खोटे नाही. कीड पळवणारा धूर माणसालाही तसाच बाधतो, एवढेच त्यांच्या हिशेबात धरलेले नसते.

म्हणून पुढच्या प्रयत्नांत बांधणीकडे अधिक लक्ष दिले गेले. चूल नुसत्या हाताच्या अंदाजाने बांधली की प्रत्येक घरी तिची मापे बदलतात आणि बोटभर फरकानेही तिची ओढ बिघडते. डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’ नावाची दोन भांड्यांची चूल तयार केली. ती साच्यात घालून बांधतात, त्यामुळे माप चुकत नाही. गावातल्या कुंभारांना व स्त्रियांना ही विद्या शिकवून त्यांना त्यातून मिळकत करता आली. चूल नादुरुस्त झाली तर ती दुरुस्त करणारे माणूस गावातच असते, हा त्याचा मोठा लाभ. अकोल्यास 1969 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. तेथे अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग आहे. पऱ्हाटीचा भुगा करून तो यंत्रात दाबला तर टणक कांड्या होतात. त्या पऱ्हाटीसारख्या भडकून संपत नाहीत, सावकाश जळतात आणि लहान तोंडाच्या चुलीत सहज मावतात.

2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वऱ्हाडातील अनेक घरांत गॅस आला. गॅसला धूर नाही, फुंकणी नाही. तरीही चूल घरातून पुरती गेलेली नाही. सिलिंडर भरून आणणे महाग पडते, म्हणून चहा व भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी व भाकरी चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. एका घरात दोन आगी नांदतात, त्या अशा. तेव्हा चूल राहणारच असेल, तर ती निर्धूर असावी की नसावी, हा प्रश्न गॅस आल्यानेही मिटलेला नाही.

रोडग्यांची गोष्ट तर अजून वेगळी. वांग्याची भाजी, वरण आणि रोडगे हा वऱ्हाडचा आवडता बेत. रोडगे भाजायला गोवऱ्यांचा मोकळा जगराच हवा. निर्धूर चुलीत ते होत नाहीत आणि गॅसवर तर नाहीतच. म्हणून ते अंगणात किंवा शेतात, मोकळ्या आभाळाखाली भाजतात. तेथे धूर झाला तरी तो वाऱ्यावर निघून जातो. घरातल्या चुलीला मात्र महिन्यातून एक-दोनदा तिची नळी साफ करून द्यावी लागते. चूल गार असताना घरातले एक जण छपरावर चढते, दोरीला चिंध्यांचे बोचके बांधून ते नळीत खाली सोडते आणि वर-खाली ओढते. दुसरे कोणी खाली परात धरून बसते. परात काजळीने भरली की ती उकिरड्यावर नेऊन टाकतात, भेगांवर ओल्या मातीचा हात फिरवतात आणि चूल पुन्हा पेटवतात.